नाव सावकाश उच्चारून पाहा

ताजा भाग वाचून झाला आहे. पुढचा यायला आठवडा तरी लागेल. वेब-कादंबरीच्या वाचकाला हे वाट पाहणं चुकत नाही, आणि पुढे काय होईल याचे तर्क करण्यातच ते बहुधा सरतं. आज तर्क राहू द्या. फोन पालथा ठेवा, पाठ टेका आणि कथेतलं फक्त एक नाव मनात घ्या.

मी घेतो 'झोरियन काझिन्स्की'. २०११ ते २०२० या काळात भागाभागाने आलेल्या 'मदर ऑफ लर्निंग'चा हा नायक. जादू शिकणारा, एकाच महिन्यात पुन्हा पुन्हा अडकलेला. लेखक क्रोएशियाचा, लिहिलं इंग्रजीत. नाव मोठ्याने म्हणा. शेवटचं 'स्की' कानावर पडलं, की पूर्व युरोपातली आडनावं आठवतात, आणि नकाशा पाहण्याआधीच त्या मुलामागे एक घराणं, एक मुलूख उभा राहतो.

आता तुम्ही मनात घेतलेलं नाव. जीभ कुठे टेकते? ओठ मिटतात का? घाई नको. त्याच कथेतलं, त्याच गावातलं आणखी एक नाव घ्या. दोन्हींत सारखं काय वाजतं? काहीच नाही, असंही होईल. पुष्कळ कथांत नावं नुसती परकी दिसावीत म्हणून मधे अपॉस्ट्रॉफी पेरलेली असते. त्यांत माझं मन रमत नाही, कारण त्या नावांना भूतकाळ नसतो.

भूतकाळ द्यावा तो कादंबरीकार टोल्किननी. बर्मिंगहॅमच्या किंग्ज हीथ भागात त्यांच्या घरामागून रेल्वे जाई. कोळशाच्या वाघिणींवर वेल्श नावं रंगवलेली असत. छोट्या टोल्किनला ती कळत नसत, पण भूल मात्र पडली. पुढे ऑक्सफर्डात शिकताना फिनिशचं व्याकरण हाती लागलं. या दोन ओढींतून एल्फ लोकांच्या दोन भाषा घडल्या. क्वेन्याच्या नादात फिनिश आहे, सिंदारिनच्या नादात वेल्श. सर्वांत मोलाचं मला हे वाटतं, की दोन्हींना त्यांनी एकच पूर्वज भाषा दिली. मूळचा 'क्व' क्वेन्यात टिकला, सिंदारिनमध्ये त्याचा 'प' झाला. बोलणं म्हणजे एकीकडे 'क्वेत', दुसरीकडे 'पेद'. भरलेलं म्हणजे 'क्वान्ता', आणि 'पान्त'. हळूच म्हणून पाहा. 'क्व' म्हणताना ओठ गोल होतात. तेच ओठ मिटले की 'प'. वेल्शमध्ये खरोखर हेच घडलं आहे: लॅटिनमध्ये चारला 'क्वात्तुओर' म्हणत, वेल्शमध्ये 'पेद्वार' म्हणतात. भाषा आधी आल्या आणि त्यांना राहायला जग हवं म्हणून कथा आली, असं टोल्किन स्वतः सांगत.

आता स्वतःच्या तोंडाकडे या.

म्हणा, 'सप्त'. 'प'साठी ओठ मिटतात, लगेच 'त'साठी जीभ दातांशी जाते. ते कष्ट वाचवा: 'सत्त'. प्राकृतात असंच म्हणत. आता जोडाक्षर सैल सोडा आणि उरलेला वेळ स्वराला द्या: 'सात'. पुन्हा एकदा, श्वासाच्या गतीने. 'अष्ट', 'अट्ठ', 'आठ'. 'हस्त', 'हत्थ', 'हात'. आता 'कर्म' घ्या, आणि पुढचं तुम्ही म्हणा.

'काम' आपोआप आलं ना? तिथेच थोडं थांबा. नियम कोणी पाठ करून घेतला नव्हता, तरी तो तोंडाला सापडला. कित्येक शतकं बोलणाऱ्यांनी झिजवलेली वाट तुमच्या जिभेने आत्ता चालून पाहिली. भाषाशास्त्राची पदवी नसलेल्या माणसालाही हा आनंद पुरा मिळतो, आणि कल्पित राज्यात तो मिळाला, तर ते राज्य खरं वाटू लागतं.

आता वऱ्हाडाकडे वळा. तिथे 'डोळा' 'डोया' होतो, 'काळा' 'काया'. मग 'पोळी'?

मराठीत अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या मित्रांनो, एवढंच करून पाहा. तुमच्या दोन शेजारी राज्यांपैकी एकात 'ळ' ठेवा, दुसऱ्यात त्याचा 'य' करा. नद्या, किल्ले, राजकन्या यांची नावं त्याच नियमाने घडवा. हा नियम कुठेही समजावून सांगू नका. वाचकाला तो स्वतः सापडू द्या.