दुःख सोसावे की सांगावे?

देहाचे दुःख मुकाट्याने सोसावे की चारचौघांत सांगावे, हा प्रश्न जुनाच आहे. पण दुःखच एका जागी राहत नसेल तर तो फार अवघड होतो. हातापायांच्या नसांचा विकार जडलेल्या माणसाची हीच गत असते. काल तळव्यांची आग, आज बोटांत मुंग्या, उद्या पोटरीत कळ. दिवसा बरे वाटते आणि रात्री पायावर गोधडीसुद्धा सोसत नाही. वरून पाहावे तर सूज नाही, जखम नाही. मग घरातलेच म्हणतात, "याचं रोज नवंच काहीतरी!" जबानी बदलली की साक्षीदार खोटा, हा कोर्टातला न्याय आपण घरच्या माणसाला लावतो.

आमच्या मते हा न्याय येथे लागू नाही. नस म्हणजे निरोप्या. तो जायबंदी झाला की कधी नसलेला निरोप आणतो, कधी असलेला गिळतो. सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणून पुष्कळदा आरंभ पायाच्या बोटांपासून होतो. मग विकार वर सरकतो, पुढे हातांत येतो. म्हणजे बदलणे हे ढोंगाचे लक्षण नव्हे, रोगाचेच आहे.

कोणी म्हणेल, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला सांगितले की शीत-उष्ण, सुख-दुःख येतात नि जातात, ते सोस. खरे आहे. पण सोसणे म्हणजे लपविणे नव्हे. तितिक्षा मनाची असते. डॉक्टरपुढे गप्प बसण्याला ते नाव देता येत नाही. कारण या विकाराची मुळे अनेक: मधुमेह, दारू, मूत्रपिंडाचा आजार, कुष्ठरोग, काही औषधे. माळकऱ्यांनी आणखी एक ध्यानात धरावे. बी-१२ हे जीवनसत्त्व शाकाहारात मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. ते कमी पडले तरी नसा बिघडतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी फार दिवस घेणाऱ्यांतही ते घटू शकते. रक्त तपासून गोळी वा इंजेक्शन घेता येते. त्यासाठी माळ उतरवावी लागत नाही. आग शमविणारी औषधेही आहेत, पण कुठे, केव्हा, कशाने दुखते हे रोग्याने नीट सांगितले तरच ती निवडता येतात.

आणखी एक गोष्ट उलटी वाटेल. दुखणे थांबले म्हणजे बरे झाले, असे नेहमीच नसते. कधी नसच बधिर झालेली असते. १९४७ नंतरच्या वर्षांत वेल्लोरच्या इस्पितळात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत दाखवून दिले की, त्यांची बोटे झडतात ती बहुतांशी वेदना नाहीशी झाल्यामुळे. चटका बसला, काटा रुतला, तरी कळतच नाही! ज्या वेदनेला आपण वैरी म्हणतो ती पहारेकरीही असते.

शेगावची पालखी आषाढीच्या वारीला पातूरहून आपल्या वाशीम जिल्ह्यात मेडशी, मालेगावच्या वाटेने येते, तेव्हा हा विचार विशेष करावा. तापलेल्या डांबरी सडकेवर अनवाणी चालणाऱ्याचे पाय बधिर असतील, तर त्याची निष्ठा त्याला फोडाची खबर देणार नाही. त्याने बिनदिक्कत चप्पल घालावी; मुक्कामाला तळवे बघावेत, बोटांच्या बेचक्या बघाव्यात; कढत पाण्यात एकदम पाय घालू नयेत. याने भक्तीला उणेपणा येत नाही.

आणि उरलेल्यांचे कर्तव्य? वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. ज्या पायांवर डोके ठेवायचे, ते पाय जरा डोळे उघडून पाहावेत. आणि ज्याचे ते पाय, त्याचे आजचे दुखणे कालच्याहून निराळे असले तरी ऐकून घ्यावे. सोसणे हा दुखणेकऱ्याचा धर्म असेल, तर त्याचे खरे मानणे हा आपला धर्म आहे.