दुखणे आणि विश्वास

मंडळीतील कोणी दीर्घ दुखण्याने अंथरुणास खिळला, म्हणजे "ह्याचा विश्वास उणा पडला" असे म्हणणारे आढळतात. त्यांस आम्ही विचारितो, पौलाचा विश्वास उणा होता काय? शरीरातील काटा निघावा म्हणून त्याने प्रभूस तीनदा विनविले. काटा राहिला, पण सोसण्यास पुरेल इतकी कृपा मिळाली.

पंडिता रमाबाईंचे पाहा. आईबाप दुष्काळात गेले, १८८२ साली पती पटकीने वारले, ऐन तारुण्यात कान मंदावले, १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तरी १९२२ साली प्रभूमध्ये निद्रिस्त होईपर्यंत पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम त्यांनी सोडिले नाही. दुःख टळले नाही, पण प्रभूचा हातही सुटला नाही.

औषध घेणे हा अविश्वास नव्हे. लूक स्वतः वैद्य होता. म्हणून क्षयाच्या रोग्याने खोकला थांबताच, प्रार्थना ऐकिली गेली असे म्हणून, बहुधा सहा महिने चालणारे औषध मध्येच टाकू नये. प्रार्थनाही करावी, गोळीही घ्यावी. आणि आपण शेजाऱ्यांनी रोग्याच्या दारी त्याचे पाप शोधावयास नव्हे, तर पेजेचे भांडे घेऊन जावे. प्रभू दुखणाइतांस धीर व आपणांस दया देवो. आमेन.