कळावे, लोभ असावा

पालीहून खोपोली, नागोठणे, पाताळगंगा इथल्या कारखान्यांत कामाला जाणारी तरुण मंडळी कार्यालयातले ईमेल इंग्रजीत लिहितात. खाली ‘रिगार्ड्‌स’ आपोआप उमटतं; सहीसोबत एकदा टाकून ठेवलं की पुन्हा बघावं लागत नाही. अडतं ते मराठीत लिहायची वेळ आली की. नगरपंचायतीकडे दाखला मागायचा असतो किंवा पापड-कोकम नेणाऱ्या मुंबईच्या दुकानदाराला थकलेल्या बिलाची आठवण द्यायची असते. मजकूर सरळ उतरतो आणि शेवटाशी बोटं थबकतात. ‘आपला आज्ञाधारक’ शाळेतल्या रजेच्या अर्जासारखं वाटतं, ‘आपला विश्वासू’ सरकारी वाटतं, आणि ‘धन्यवाद’ म्हणावं तर काम अजून झालेलंच नाही.

हा घोळ क्षुल्लक नाही. पत्राचा शेवट कसा करावा, हा मराठी कारभारात एके काळी दरबारी जबाबदारीचा विषय होता. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची हयात याच कामात गेली. कटाच्या आरोपावरून १६८१ मध्ये त्यांना देहान्त शासन झालं, तेही पालीजवळच्या सुधागडाच्या परिसरात. त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे तेच काम करत राहिला. महाराजांनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशात तर लेखनासाठी स्वतंत्र वर्ग आहे.

त्या काळच्या पत्राचा शेवट दोन कामं करी. एक म्हणजे नातं सांगणं. अधिकाऱ्याला हुकूम असेल तर ‘जाणिजे’. बरोबरीच्या किंवा मोठ्या माणसाला लिहिताना ‘बहुत काय लिहिणे, हे विनंती’. आशीर्वाद देण्याच्या स्थानावरून लिहिणारा ‘हे आशीर्वाद’ म्हणून थांबे. दुसरं काम सुरक्षिततेचं. मुख्य मुद्रा वरच्या बाजूला, आणि मजकूर संपताच खाली छोटा शिक्का, म्हणजे मोर्तब. महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं होती, पुढे पेशवाईत ‘लेखनसीमा’ आली. शिक्क्याच्या खाली कुणी ओळ घुसडली तर ती धन्याची नव्हे, हे वाचणाऱ्याला तिथेच कळे. कागदाचे तुकडे चिकटवून लांब केलेल्या पत्रांत जोडावरही शिक्का मारत, तो याच काळजीने.

‘आज्ञाधारक’ या परंपरेतून आलेला दिसत नाही. इंग्रजी अमलातल्या अर्जांमध्ये लिहिणारा स्वतःला साहेबाचा आज्ञाधारक सेवक म्हणवून घेई. तीच रीत शाळेच्या पत्रलेखनात मुरली. पाली १९४८ पर्यंत भोर संस्थानात होती. संस्थान विलीन झालं, १९६४ च्या कायद्याने मराठी राज्याची राजभाषा झाली, तरी अर्जाच्या तळाशी आज्ञाधारक उभाच राहिला. आता तो जायला हवा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे. हक्काची गोष्ट मागणाऱ्याने कुणाचीही आज्ञा धारण करायचं कारण नाही. नम्रता हवीच, तिच्यासाठी ‘ही विनंती’ पुरेशी आहे.

शेवटच्या ओळीने खरंच काही फरक पडतो का? बूमरँग या ईमेल सेवेने २०१७ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक ईमेल-संवाद तपासले. आगाऊ आभार मानून संपवलेल्या पत्रांना सुमारे ६६ टक्के वेळा उत्तर आलं, नुसत्या ‘बेस्ट’ला ५१ टक्के. ही पत्रं इंग्रजीतली, आणि आभारामुळेच उत्तर आलं असं यावरून सिद्ध होत नाही. आभार मानणाऱ्याने बहुधा काहीतरी नेमकं मागितलेलंही असतं. पण आकड्यांची दिशा ‘जाणिजे’ आणि ‘हे विनंती’ यांमागच्या जुन्या रीतीशी जुळते: शेवटातून समोरच्याला आपल्याकडून काय हवं आहे ते कळलं पाहिजे.

म्हणून बिलाच्या पत्रात ‘रक्कम शुक्रवारपर्यंत जमा करावी, ही विनंती’ हाच सभ्य शेवट. तिथे ‘लोभ असावा’ घातलं तर मागणी ढिली पडते. तेच वर्षानुवर्षं माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला दिवाळीआधी दरपत्रक पाठवताना ‘लोभ असावा’ शोभतं, कारण लोभ खरोखर आहे. नुसती माहिती द्यायची असेल तर ‘कळावे’ पुरतं. इतका आटोपशीर आणि स्वच्छ शेवट हाताशी असताना तो आज्जी-आजोबांच्या पोस्टकार्डांत राहू द्यावा, याची हळहळ वाटते.

एक अडचण मात्र जुन्या रीतीने सोडवलेली नाही. ‘आपला’ की ‘आपली’, हे मराठीत ठरवावंच लागतं, आणि पत्र गटाचं असेल तर दोन्ही अपुरे. पापड लाटणाऱ्या बचत गटाच्या अध्यक्षा सगळ्यांच्या वतीने लिहितात, तेव्हा ‘आपली विश्वासू’ एकटीचं होतं. त्यांनी ‘कळावे’ लिहावं, खाली गटाचं नाव, मग स्वतःचं नाव, पद आणि फोन नंबर. मुंबईच्या दुकानदाराला तेवढ्यावर कुणाला फोन लावायचा ते समजतं.