नवा पंख, जुने हात

ट्राइक म्हणजे तीन चाकांची उघडी गाडी, पाठीमागे इंजिन आणि डोक्यावर त्रिकोणी कापडी पंख. शेपूट नाही, सुकाणू नाही. अख्खी गाडी पंखाच्या मधल्या नळीला एका बोल्टवर टांगलेली असते. वैमानिक समोरचा आडवा दांडा ढकलतो किंवा ओढतो आणि पंखाखाली वजन सरकवून दिशा आणि वेग सांभाळतो. दांडा पुढे ढकलला की नाक वर जातं आणि वेग उतरतो. छातीकडे घेतला की वेग चढतो. फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या अमेरिकी दांपत्याने १९४८ मध्ये ज्या लवचिक पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच कुळातला हा पंख. गाडी तीच ठेवून वरचा पंख बदलता येतो, ही या यंत्राची मोठी सोय, आणि पेचही तिथूनच सुरू होतो. नवा पंख कसा वागतो हे उडवल्याशिवाय कळत नाही, आणि कसा वागतो हे कळल्याशिवाय उडवू नये, असं शहाणपण सांगतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग पहिलं उड्डाण कशाच्या भरवशावर करायचं?

“यात पेच कसला?” असं एखादा व्यवहारी माणूस विचारील. “पंख कारखान्यातून तपासून येतो. कंपनीच्या वैमानिकाने तो नमुना उडवलेला असतो, सोबत आकडे दिलेली पुस्तिका असते. तिच्यावर विश्वास ठेवा आणि निघा.” हा आक्षेप हलका नाही. १९७० च्या दशकात हँग ग्लायडरच्या कित्येक पंखांत एक जीवघेणा दोष होता. नाक फार खाली गेलं की कापडातली हवा जायची, ते नुसतं फडफडायचं आणि पंख सुळकीतून वरच यायचा नाही. माणसं गेली, तेव्हा पंख मोटारगाडीवर बसवून, वेगाने पळवून मोजण्याच्या चाचण्या आल्या आणि पंखाची मागची कड वर धरून ठेवणाऱ्या बारीक दोऱ्या आल्या. पुस्तिकेतल्या आकड्यांमागे असा इतिहास आहे आणि त्यांचा मान ठेवलाच पाहिजे. पण नैयायिकांच्या भाषेत ते शब्दप्रमाण आहे, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दावरून आलेलं ज्ञान, आणि ते नमुन्याबद्दल बोलतं, समोर पडलेल्या या एका पंखाबद्दल नाही. या पंखाच्या शिवणीतून सरकवलेल्या पट्ट्या, म्हणजे बॅटन, वाहतुकीत वाकलेल्या असू शकतात. म्हणून एकेक पट्टी बाहेर काढून कंपनीने दिलेल्या पूर्ण मापाच्या कागदी आराखड्यावर ठेवतात, नंबर जुळवतात, डावी-उजवी तपासतात, वाक आराखड्याच्या रेषेवर बसतो का ते बोटाने चाचपतात. एका बाजूच्या पट्ट्या किंचित सपाट निघाल्या तर पंख सतत एकीकडे ओढत राहतो. पुस्तिका एवढंच सांगते की हे तपासा, तपासायचं आपणच. आणि तपासून झाल्यावरही पंख आणि आपले हात यांची गाठ पडायची बाकीच असते.

“पण हात तयार असतील तर?” आक्षेपक म्हणेल. “ज्याने वर्षानुवर्षं ट्राइक उडवली आहे त्याला नव्या पंखाचं भय नवशिक्याइतकं नको.” माझा खरा मतभेद इथे आहे. समजा जुना पंख १९ चौरस मीटरचा होता आणि एकट्या वैमानिकासह तो ताशी ४५ किलोमीटरला स्टॉल होत असे, म्हणजे त्याखाली त्याची उचल तुटत असे. नवा पंख १२ चौरस मीटरचा, वेगवान. वजन तेवढंच आणि पंखाच्या दर चौरस मीटरची उचलण्याची ताकद साधारण सारखीच धरली, तर स्टॉलचा वेग क्षेत्रफळांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने वाढतो. तो ५७ च्या आसपास जातो. उतरताना स्टॉलच्या १.३ पट वेग ठेवावा हा वैमानिकीतला सर्वमान्य नियम. जुन्या पंखावर तो वेग ५८.५ होत होता. म्हणजे वर्षानुवर्षं ज्या वेगाला हातांनी ‘आता सुरक्षित’ म्हणून ओळखलं, कानांनी वाऱ्याचा जो आवाज ‘बरोबर’ म्हणून साठवला, तोच वेग नव्या पंखावर कोसळण्याच्या काठावरचा आहे. नवशिक्याला हे माहीत नसतं आणि आपल्याला माहीत नाही हेही त्याला ठाऊक असतं. अनुभवी माणसाचे हात मात्र त्याला विचारल्याशिवाय उत्तर देऊन मोकळे होतात. नव्या पंखावर तेच उत्तर चुकीचं असतं. पहिल्या उड्डाणातला मोठा धोका अज्ञानाचा नाही, दुसऱ्या पंखाकडून आणलेल्या ज्ञानाचा आहे.

याला आधार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली विमानं बहुतेक शेपटीची, नेहमीच्या नियंत्रणाची होती, त्यामुळे आकडे जसेच्या तसे ट्राइकला लावता येणार नाहीत. पण त्यांचा रोख पाहण्यासारखा आहे. २०११ मधल्या २२४ अपघातांत निम्म्याहून अधिक विमानं जुनी विकत घेतलेली होती, आणि १४ अपघात नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झाले. ही विमानं आधी दुसऱ्यांनी उडवलेली होती. सांगाडा मोडल्याचे प्रसंग थोडे. इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही ठळक कारणं. नवेपण यंत्रातच असतं असं नाही. यंत्र आणि माणूस यांच्या जोडीतही ते असतं. म्हणून पाच वर्षं वापरलेला पंख विकत घेणाऱ्यालाही पहिलं उड्डाण चुकत नाही, आणि “अहो, हा तर उडून उडून सिद्ध झालेला पंख” हे वाक्य त्याला फसवतं.

“मग जमिनीलगतच ओळख करून घ्यावी. धावपट्टीवर पळवावा, हातभर उचलावा, पुन्हा टेकवावा.” ही सूचना मनाला लगेच पटते, कारण जमीन जवळ असली की धीर वाटतो. सावकाश पळवून चाकं, ब्रेक आणि वाऱ्यात पंखाचा ओढा पाहण्यापुरती ती योग्यच आहे. पण उचलण्याच्या वेगाजवळ पंख अर्धवट उडत असतो, चाकांची पकड सुटत आलेली असते, आणि अनोळखी पंख झुकला तर सावरायला ना उंची असते ना वेळ. लवचिक पंख दांड्याच्या हालचालीला क्षणभर उशिरा दाद देतो. त्या क्षणात अधीर हात दुप्पट जोर लावतात, मग उलट दिशेला तिप्पट, आणि डावी-उजवीचे हेलकावे वाढत जातात. हेच हेलकावे तीनशे मीटरवर आले तर दांडा सैल धरून वाट पाहता येते. पंखाची ओळख उंचीवरच व्हावी: पहाटेच्या निवांत हवेत, कंपनीने सांगितलेल्या टांगणीच्या खुणेवर, इंजिन मंद ठेवून, दांडा इंच इंच पुढे नेत, स्टॉल नेमका कुठे येतो ते पाहून. त्या दिवशी पंखाला एवढा एकच प्रश्न विचारायचा. पूर्ण जोरात नाक उंच करून पाहणं, खोल वळणं घेणं हे तर नाहीच. ट्राइक एकदा नाकावरून उलटून गिरक्या घेऊ लागली की तिला सावरण्याचा भरवशाचा उपाय नाही.

आता सगळ्यात कठोर आक्षेप. “इतकं जोखमीचं असेल तर करताच कशाला? घरी माणसं आहेत. जुना पंख बरा चालला आहे.” उडण्याची कुणाला गरज नसते, हे मी मान्य करतो, घरच्यांच्या काळजीला तर्काने उत्तर देता येतं असंही मी म्हणणार नाही. पण हा आक्षेप खरा असेल तर तो सगळ्या उड्डाणांना लागू होतो, एकट्या नव्या पंखाला नाही. जुन्यावर राहणं म्हणजे जागेवर थांबणं नव्हे. पंखाचं डेक्रॉन कापड उन्हाने विरतं, शिवणीचा धागा त्याच्याही आधी जातो. ब्रिटनमध्ये बेट्सोमीटर नावाच्या साध्या उपकरणाने, सुई टोचून आणि ठरावीक ओढ देऊन, कापडाचा दम पाहतात. जो नव्याला नाही म्हणतो, तो रोज थोड्या जुन्या पंखावर उडत असतो. इतिहासही त्याच्या बाजूने नाही. ऑटो लिलिएनथाल ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्टॉलन गावाजवळच्या टेकडीवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये वारला, तो आपल्या रुळलेल्या ग्लायडरवरून. त्याच्याकडून शिकलेला पर्सी पिल्चर १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅनफर्ड हॉलच्या माळावर नवं इंजिनवालं यंत्र दाखवणार होता. इंजिनाचा क्रँकशाफ्ट मोडला, पाहुणे जमलेले होते, हवा ओली होती. त्यांना रिकाम्या हाती पाठवू नये म्हणून त्याने आपला जुना ‘हॉक’ ग्लायडर उडवला. हवेत त्याची शेपटी मोडली. पिल्चरला नव्या यंत्राने मारलं नाही. ‘आज नको’ म्हणायला त्या दिवशी जागा उरली नव्हती, यात त्याचा घात झाला. नव्या पंखाच्या पहिल्या उड्डाणाला प्रेक्षक नसावेत, जेवणाला पोहोचायचं ठिकाण नसावं, रविवारच्या मेळाव्याची तारीख नसावी, असं मी म्हणतो ते यासाठी.

राहिला प्रश्न मागच्या सीटचा. “सोबत येणारा सज्ञान आहे, राजीखुशीने बसतो, मग अडचण काय?” अडचण अशी की त्याची राजीखुशी वैमानिकाच्या शब्दावर उभी आहे. न्यायदर्शन आप्त, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण धरावा असा माणूस, त्यालाच म्हणतं ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो. एकट्याने उडवून आलेल्या माणसाने हा पंख जाणला आहे का? अर्धाच. गाडी, माणूस आणि इंधन मिळून ३०० किलोंचं वजन दुसरा बसल्यावर ४०० झालं, तर ५७ चा स्टॉल ६६ वर जातो. तो पंख त्याने अजून उडवलेलाच नाही. मागच्या सीटवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती नीट आवळून बांधावीत आणि पुन्हा त्याच उंचीवर जाऊन, दांडा इंच इंच ढकलत, नवा आकडा वहीत उतरवावा. तोपर्यंत “बस, काही होत नाही” हे वाक्य कितीही चांगल्या मनाने म्हटलं, तरी ते म्हणण्याचा अधिकार त्याला आलेला नसतो.