पत्र वाचणारे गुरुजी

नांदगाव खंडेश्वरला आजीला मामांचं पत्र आलं, की ते पदराच्या गाठीत बांधून ती गुरुजींकडे जायची. ओट्यावर माणसं बसलेली असत, म्हणून म्हणायची, "हळू वाचा जी." कुणावर किती कर्ज झालं, कुणाची लेक माहेरी परत आली, सगळं त्या कागदात असे. निम्म्या गावाच्या घरातलं गुरुजींना ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नाही.

आता आपली पत्रं समाजमाध्यमांवर असतात, आणि ती सांभाळणारे अनोळखी. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि अनेक भारतीय 'मॅस्टोडॉन' या समाजमाध्यमावर गेले. तिथे एक मालक नाही. असंख्य लहान सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा सांभाळणारा वेगळा, नियम वेगळे. त्याच वर्षी द्वेषाच्या मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेलं 'गॅब' हे माध्यम तीच प्रणाली घेऊन आलं, तेव्हा बहुतेक सर्व्हरांनी त्याच्यासाठी आपापली दारं लावून घेतली. वरून कुणाचा हुकूम नव्हता. मला हे मोलाचं वाटतं, आणि भीतीही वाटते. दार लावण्याची ही ताकद आपल्या जातपंचायतींनी कशी वापरली, हे आपण पाहिलं आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला. मालक नसला म्हणजे न्याय आपोआप येत नाही. दार का लावलं, हे ज्याच्यावर लावलं त्याला सांगावं लागतं.

खासगीपणाचं तर त्याहून नाजूक. मॅस्टोडॉनवर एकालाच पाठवलेला निरोपही कुलूपबंद नसतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याने ठरवलं तर तो वाचू शकतो. लिहिलेलं पुसलं, तरी 'पुसा' ही विनंतीच इतर सर्व्हरांकडे जाते. ती प्रत्येक जण पाळेलच असं नाही. आपल्या खंडेश्वराच्या देवळात यादवकाळातला दानलेख आहे. तो टिकावा म्हणूनच दगडात कोरला. रात्री संतापून शेजाऱ्याच्या लेकीबद्दल लिहिलेल्या दोन ओळी मात्र कुणालाच टिकायला नको असतात, त्या मुलीला तर नकोच नको.

वैयक्तिक माहिती जपण्यासाठीच्या आपल्या २०२३ च्या कायद्याने माहिती सांभाळणाऱ्यासाठी इंग्रजीत जो शब्द योजला, त्याचा अर्थ विश्वस्त असा आहे. तो वाचला आणि मला ओट्यावरचे गुरुजी दिसले. पत्र वाचून झालं की ते त्याची पुन्हा तशीच घडी घालत आणि आजीच्या हातात देत. ती गाठ मारेपर्यंत दुसऱ्या कुणाचं पत्र उघडत नसत.