आसने आणि खाडाखोड

जुन्या वस्तूची दुरुस्ती करताना तिच्या अंगावरचे जुनेपण किती राखावे आणि किती पुसावे, हा प्रश्न वरकरणी हौशी मंडळींचा वाटतो. आम्हीही तो तसाच समजत होतो. गेल्या हिवाळ्यात घरच्या जुन्या मोटारीची पुढची दोन आसने नव्याने मढवण्याचा योग आला, आणि ३५ वर्षांच्या शासकीय सेवेत जे मोह आम्ही फारसे कष्ट न पडता टाळले, त्यांच्याहून अवघड असा एक मोह आमच्याच अंगणात येऊन उभा राहिला.

मोटार स्टँडर्ड हेरल्ड. ही गाडी मूळची इंग्लंडातील ट्रायम्फ कंपनीची. १९५९ साली ती तिकडे बाजारात आली; तिची घडण जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराची. १९६१ पासून ती मद्रासला 'स्टँडर्ड' या नावाने तयार होऊ लागली. त्या काळच्या अँबॅसिडरला पुढे एक अखंड बाक असे. हेरल्डला मात्र चालकासाठी वेगळे आणि शेजाऱ्यासाठी वेगळे, पाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारे 'बकेट' आसन होते. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, १९७१ साली ती दुसऱ्या हाताने घेतली. नाना १९९६ मध्ये गेले, तेव्हापासून ती आमच्या इंदूरच्या घरामागे पत्र्याच्या छपराखाली उभी आहे. रेक्झिनला मऊ ठेवणारे द्रव्य उष्णतेने वर्षानुवर्षे उडून जाते. मग ते कडक होते आणि चिरते. आमच्या आसनांचे तसेच झाले होते. चालकाच्या आसनाची उजवी कड तर नानांच्या चढण्या-उतरण्याने पार झिजली होती.

अशातच मुंबईच्या एका संग्राहकाने दूरध्वनीवर गाडीची चौकशी केली. आसने मूळची आणि धड असतील, तर किंमत दीडपट देण्याची त्यांची तयारी होती. घराची गच्ची गळत होती, पैशाची गरज होती. आसने मढवणाऱ्या कारागिराला आम्ही हे सहज बोलून गेलो. तो हसून म्हणाला, "साहब, ऐसा पुराना कर दूँगा कि कंपनी भी न पहचाने." नव्या रेक्झिनवर बारीक सँडपेपर फिरवायचा, चहाच्या पाण्याचा हात द्यायचा, की झाले. आम्ही त्याला 'नाही' म्हटले नाही, 'बघू' म्हटले. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्यांना 'बघू'चा अर्थ वेगळा सांगायला नको.

कारागिराने चौकटीच्या कडेच्या तारा पकडीने उघडल्या, खोळ उतरवली, टाके उसवले आणि एकेक पट्टी जमिनीवर पसरली. नवी खोळ बेतायची तर जुनी उसवावीच लागते. तिचे तुकडे हाच नव्याचा नमुना. त्या वेळी दिसले ते असे. ज्या मरून रंगाला आम्ही जन्मभर मूळचा मानत आलो, त्याच्या आत शिवणीत दुमडलेली फिकट राखाडी रेक्झिनची एक धांदोटी अडकून राहिली होती. म्हणजे मरून खोळ हीच दुसरी. पहिल्या मालकाने केव्हातरी चढवलेली. त्याखाली, सैल पडलेल्या मूळ रबराच्या जागी गोणपाट आणि काथ्या भरला होता. आणि काथ्यावर, टोचू नये म्हणून, आईच्या जुन्या माहेश्वरी लुगड्याची घडी अंथरलेली होती. जे 'मूळ' म्हणून आम्ही विकायला निघालो होतो, ते मुळात तीन हातांनी केलेली दुरुस्ती होते.

मोहात पडलेल्या माणसाला तत्त्वज्ञान फार लवकर आठवते. आम्हाला मिलिंदपञ्हातील रथ आठवला. नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतात, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय. आणि शेवटी असे ठरते, की 'रथ' हे या साऱ्यांच्या एकत्र येण्याला दिलेले व्यवहारातले नाव आहे. प्लुटार्कने सांगितलेले थेसियसचे जहाजही आठवले. त्याची कुजकी फळी काढून नवी बसवत गेले, तर ते तेच जहाज की दुसरे, यावर अथेन्सचे तत्त्वज्ञ वाद घालीत. मग आम्ही स्वतःशी म्हणालो, 'मूळ' असे काही नसतेच, तर नव्याला मूळचे म्हणण्यात खोटे ते काय?

या युक्तिवादातील खोट ध्यानात यायला दोन दिवस लागले. नागसेनांचा विचार वस्तूच्या आत दडलेल्या अविकारी गाभ्याला नाकारतो. व्यवहारातील सत्याला नाकारत नाही. संग्राहकाचा प्रश्न रथाच्या तत्त्वाचा नव्हताच. ही खोळ कोणी शिवली आणि केव्हा, एवढेच त्यांना हवे होते. आणि त्या प्रश्नाला सरळ उत्तर होते.

ते उत्तर कसे द्यावे, हे आम्हाला ग्रंथांनी नव्हे, नोकरीच्या पहिल्या आठवड्याने शिकवले होते. नोंदवहीत चूक झाली तर रबराने खोडायची नाही, पांढरा द्रव फासायचा नाही. मूळ अक्षरे वाचता येतील अशी एकच रेघ ओढायची, वर दुरुस्ती लिहायची, बाजूला सही आणि तारीख. चुकण्याची आणि सुधारण्याची मुभा आहे. सुधारणा झाली हे लपवण्याची नाही. स्मारकांच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे ठरलेल्या सनदेचाही सूर हाच आहे: गहाळ भागाच्या जागी घातलेला नवा भाग एकूण रचनेत शोभला पाहिजे, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूही आला पाहिजे.

याच्या दुसऱ्या टोकाला आमच्या बडोद्याच्या अक्का होत्या. त्यांचे म्हणणे, आसनांना हातच लावू नये. नानांच्या बसण्याची खूण त्यात आहे. हे आम्हाला मान्य झाले नाही, तरी त्याचे वजन कळत होते. आम्ही म्हणालो, "अक्का, नाना त्या आसनाला खूण म्हणून जपत नव्हते. ते त्यावर बसत होते, आणि टोचू लागले तेव्हा आईने लुगडे घातले." अक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लुगडे तरी फेकू नकोस."

फेकले नाही. नव्या फोमखाली ती घडी पुन्हा गेली. कारागिराला नवे रेक्झिन नव्यासारखेच ठेवायला सांगितले. मागच्या बाजूस, सहज नजर जाणार नाही पण शोधल्यास सापडेल अशा जागी, वीतभर जुने मरून कापड शिवून घेतले. राखाडी धांदोटी एका लखोट्यात घातली आणि सोबत एक कागद: काय काढले, काय घातले, कारागिराचे नाव, आमची सही, तारीख. संग्राहकांना सर्व कळवले. त्यांनी सौजन्याने आभार मानले आणि व्यवहार सोडून दिला. गच्चीची दुरुस्ती मुदतठेव मोडून केली. तेव्हा सचोटीचे फळ मिळाले असे आम्हाला म्हणता येणार नाही.

तरीही हे लिहावेसे वाटले, कारण आपण मंडळी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेली. आपल्या घरांना, सणांना, बोलीला किती खोळी चढल्या आहेत! आमच्याच मराठीत हिंदीचे टाके जागोजाग आहेत. कोणी पुण्याचे पाहुणे आले, की आपण ते घाईने झाकतो. आणि घरात नातवंडांपुढे मात्र आपले तेच 'मूळ' म्हणून सांगतो. दोन्ही वेळा आपण रबर वापरतो. त्याऐवजी नातवंडांना शिवण दाखवावी, कोणत्या पिढीने काय जोडले ते सांगावे, आणि त्यांनी जे जोडायचे त्याला जागा ठेवावी, असे आम्हाला वाटते.

मोटार अजून छपराखालीच आहे. अक्का दिवाळीत आल्या होत्या. त्या नव्या आसनावर बसल्या, हाताने कड चाचपली आणि म्हणाल्या, "आता टोचत नाही."