सेवा कोणाच्या नावे?

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणी काही ‘दिलं’ म्हटलं, की तो आधी विचारतो, जमा कोणाच्या खात्यात? कीर्दीत एकाची जमा म्हणजे दुसऱ्याचं नावे. परोपकारात मात्र देणारा आणि घेणारा दोघांच्याही खात्यात जमा दिसते, आणि माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला घाम फुटतो.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र गोरखा जिल्ह्यात, बारपाकजवळ. सुमारे नऊ हजार माणसं गेली, शाळा तर हजारोंनी पडल्या. वार शनिवार, म्हणजे तिथल्या सुटीचा. वर्ग भरलेले असते तर काय झालं असतं, हा विचार करवत नाही. पुढच्या वर्षी माझा भाचा त्याच जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावात शाळा बांधायला निघाला. पंधरा दिवसांसाठी! या मुलानं घरात कधी खिळा ठोकलेला नाही. खर्च चाळीस हजार. पैकी दहा मामानं द्यायचे.

मी कागद-पेन्सिल घेतली. तिकीट, बूट, पाठपिशवी, नवा कॅमेरा (हा सेवेच्या कुठल्या सदरात बसतो, देव जाणे). म्हटलं, “अरे, एवढ्या पैशात तिथला गवंडी कितीतरी दिवस राबेल. त्याला भिंत येते, तुला येत नाही. त्याला मजुरी हवी, तुला नको. मग हे त्याच्या पोटावर पाय देणं नव्हे का?”

“मामा, मी नुसते गवंड्यासाठी मागितले असते, तर किती दिले असतेस?”

हिशेब चालू असताना असले प्रश्न विचारू नयेत. (एकशे एक.) मी दहा हजार काढून दिले.

भाचा परत आला तो मान धरून. त्या गावाला गाडीरस्ता नाही. दगड-वाळू सगळं डोकोतून, म्हणजे पाठीवरच्या बांबूच्या टोपलीतून न्यायचं. तिचा पट्टा कपाळाला लावायचा. हा अर्धा डोको घेऊन वाटेत बसे, तोवर सत्तरीची एक आजी भरलेला डोको पोचवून परत येई. वर यालाच चहा पाजी, दोन्ही वेळा डाळ-भात वाढी. तिचं स्वतःचं बिऱ्हाड अजून पत्र्याखाली. आता सेवा कोणी कोणाची केली? मी तीनदा मांडून पाहिलं. दर वेळी आजीचंच येणं निघतं.

खुमजुंगला एडमंड हिलरींनी १९६१ साली शाळा उभारली, ती शेर्पांनी मागितली म्हणून. मला यातलं ‘मागितली’ महत्त्वाचं वाटतं. आपण बहुधा आपल्याला द्यायला आवडेल तेच देतो. भाच्याला विचारलं, “या गावानं काय मागितलं होतं?” म्हणाला, “भिंतीत आडवे पट्टे घालून बांधणारा गवंडी.” जुन्या भिंती दगडमातीच्या होत्या, १९९३ साली किल्लारीला पडल्या तसल्याच.

भाचा आता नोकरीला लागलाय. शाळा उभी आहे, पण गणिताला मास्तर नाही. त्याच्या पगारासाठी हा वर्गणी गोळा करतो. यात प्रवास नाही, कॅमेरा नाही. परवा पावतीपुस्तक घेऊन माझ्याकडे आला. मी चष्मा पुसायला घेतला.